दारू शपथेने सुटते की संघाने? एका ख्रिस्ती इतिहासातून आम्ही काय शिकावे

आमच्या वस्तीत सेंट्रिंगचे काम करणारा एक तरुण आहे. नाव सांगत नाही. घर बौद्ध, वडील जुने कार्यकर्ते, स्वतः जयंतीच्या मिरवणुकीत पुढे. दारूने तो पार संपला होता. गुत्त्याबाहेर पडलेला असायचा, आई उचलून आणायची. बायको दोन वेळा माहेरी गेली. तीन वेळा त्याने विहारात बुद्धमूर्तीपुढे, बाबासाहेबांच्या फोटोपुढे शपथ घेतली. तिन्ही वेळा मोडली.

गेल्या दीड वर्षापासून तो पीत नाही. शेजारच्या वस्तीत पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटे प्रार्थनाघर आहे, तिथे तो जातो. पास्टर स्वतः एकेकाळचा दारुडा. विहार कमिटीच्या बैठकीत यावर जोरात चर्चा झाली. कोणी म्हणाले, धम्म सोडला. कोणी म्हणाले, पैशाने फोडला. आम्ही त्याला भेटायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "दादा, मला बुद्ध पटत नव्हता असं नाही. पण मी गटारात पडलो होतो तेव्हा विहारातलं कोणी आलं नाही. हे लोक रोज संध्याकाळी घरी यायचे."

आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. त्या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही एक इतिहास वाचत गेलो. ख्रिस्ती श्रद्धेच्या आणि सोबतीच्या बळावर दारूतून बाहेर पडलेल्या माणसांचा हा इतिहास बराचसा अमेरिकेत घडला. आंबेडकरी तरुणांनी तो का वाचावा, हे पुढे स्पष्ट होईल.

मालकाची दारू, गुलामाची सुट्टी

सुरुवात फ्रेडरिक डग्लस यांच्यापासून करू. गुलामगिरीतून पळालेला हा माणूस पुढे काळ्यांचा सर्वात मोठा नेता झाला. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी नाताळच्या सुट्टीचे वर्णन केले आहे. नाताळ ते नववर्ष एवढे दिवस गुलामांना काम नसे. मालक त्यांना मनसोक्त दारू पाजत. कोण जास्त पितो यावर पैजा लावत. जो पीत नाही तो मालकाला आवडत नसे. डग्लस याचे कारण सांगतात. सुट्टीत गुलामाला स्वातंत्र्य म्हणून फक्त नशा दाखवायची. शुद्धीवर आल्यावर तो शरमतो, त्याला स्वातंत्र्याचीच किळस येते आणि तो मुकाट्याने शेतावर परततो. म्हणजे मालकाने पाजलेली दारू हा साखळीचाच एक दुवा होता.

हे वाचताना आपल्याकडचे आठवल्याशिवाय राहत नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत येणाऱ्या क्वार्टर कोण पाठवतो? महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली त्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले होते. कष्टकऱ्याचे घर आणि आरोग्य दारू कसे खाते हे त्यांना दिसत होते. त्यामुळे दारूला 'वैयक्तिक वाईट सवय' म्हणून सोडून देणे आम्हाला मान्य नाही. दारूच्या मागे सत्ता असते, ठेका असतो, महसूल असतो.

डग्लस यांच्या काळातल्या काळ्या समाजाने हे ओळखले होते. १ ऑगस्ट १८४२ रोजी फिलाडेल्फियात काळ्या लोकांनी दारूबंदीच्या प्रचाराची मिरवणूक काढली. वेस्ट इंडिजमधल्या गुलामांच्या मुक्तीचा तो स्मरणदिन होता. म्हणजे ते एकाच वेळी दोन मुक्ती साजऱ्या करत होते. गोऱ्या जमावाने मिरवणुकीवर हल्ला केला. काळ्यांचे एक चर्च आणि एक सभागृह जाळले. दारू पिणारा काळा माणूस त्यांना चालत होता. दारू सोडून, स्वच्छ कपडे घालून, झेंडा घेऊन रस्त्यावर उतरलेला चालला नाही. नवे कपडे घातले म्हणून, घोड्यावर बसला म्हणून मार खाणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

लाखो शपथा, आणि मग?

त्याच सुमारास आयर्लंडमध्ये फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कॅथलिक धर्मगुरूने १० एप्रिल १८३८ रोजी कॉर्क शहरात दारूमुक्तीची चळवळ सुरू केली. पद्धत सोपी होती. हजारोंचा जमाव जमायचा, लोक गुडघे टेकायचे, फादरच्या मागोमाग शपथ म्हणायचे आणि पदक घेऊन घरी जायचे. थोड्याच वर्षांत लाखो लोकांनी शपथ घेतली. डग्लस स्वतः १८४५ साली आयर्लंडच्या दौऱ्यावर असताना कॉर्कमध्ये त्यांच्याकडून शपथ घेऊन आले.

पण १८४५ पासून बटाट्याचे पीक सडले, भीषण दुष्काळ पडला, माणसे मेली आणि देश सोडून गेली. त्यात ही चळवळ विरून गेली. शपथ देणारा एक माणूस होता, शपथ घेणारे लाखो होते. पण शपथ घेतल्यावर मंगळवारी संध्याकाळी हात थरथरायला लागले तर कोणाकडे जायचे, याची व्यवस्था फारच थोड्या ठिकाणी होती.

याच फादर मॅथ्यूंनी १८४१ साली अमेरिकेतल्या आयरिश लोकांना गुलामगिरीविरुद्ध उभे राहण्याचे आवाहन करणाऱ्या पत्रकावर सही केली होती. १८४९ साली ते अमेरिकेत गेले तेव्हा गुलामगिरीविरोधी नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांनी त्या सहीची आठवण करून दिली. फादरांनी बोलायचे टाळले. दक्षिणेतल्या गुलाममालकांच्या राज्यांतही त्यांना शपथा द्यायच्या होत्या. माणसाला दारूच्या गुलामीतून सोडवायचे आणि खऱ्या गुलामीवर गप्प बसायचे, हा दोष धार्मिक सेवाकार्यात नेहमी डोकावतो. आम्ही तो विसरणार नाही.

दुसरा प्रयोग बाल्टिमोरचा. एप्रिल १८४० मध्ये एका दारूच्या गुत्त्यात बसलेल्या सहा पिणाऱ्यांनी एकमेकांच्या साक्षीने दारू सोडायचे ठरवले. या चळवळीला पुढे 'वॉशिंग्टोनियन' नाव पडले. इथे पाद्री नव्हता, व्याख्याता नव्हता. दर आठवड्याला सभा आणि त्यात पिणाऱ्यानेच उभे राहून आपली कहाणी सांगायची. प्रत्येकाने पुढच्या वेळी आणखी एकाला आणायचे. चळवळ वणव्यासारखी पसरली. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्डमध्ये अब्राहम लिंकन यांनी त्यांच्यापुढे भाषण केले. दारूपासून वाचलेल्यांनी स्वतःला श्रेष्ठ समजू नये, त्यांना ती ओढ नव्हती एवढेच, असा त्याचा एक मुद्दा होता. हे वाक्य आमच्या प्रत्येक विहार कमिटीने ध्यानात ठेवावे.

ही चळवळही काही वर्षांत ओसरली. पुढाऱ्यांची भांडणे, दारूबंदी कायद्याच्या राजकारणात ओढले जाणे, गर्दीसाठी तमाशासारख्या सभा आणि सोडल्यानंतर पुढे काय करायचे याची शिस्त नाही. शपथ होती, सोबतही होती, पण सोबतीला टिकाऊ रचना नव्हती.

वॉटर स्ट्रीटची खोली

जेरी मॅकऑली हा आयर्लंडमधून न्यूयॉर्कला आलेला गरीब मुलगा. नदीकाठचा चोर आणि दारुडा. एकोणिसाव्या वर्षी त्याला पंधरा वर्षांची शिक्षा होऊन सिंग सिंग तुरुंगात टाकले. तिथे एका जुन्या मुष्टियोद्ध्याची साक्ष ऐकून तो ख्रिस्ताकडे वळला. १८६४ साली माफी मिळून सुटला आणि पुन्हा पिऊ लागला. एकदा नाही, अनेकदा घसरला. शेवटी ऑक्टोबर १८७२ मध्ये त्याने आणि त्याची पत्नी मारिया हिने न्यूयॉर्कच्या बदनाम वॉटर स्ट्रीटवर, गुत्त्यांच्या मधोमध, ३१६ क्रमांकाच्या घरात मिशन उघडले. मारिया स्वतःही त्याच आयुष्यातून आलेली होती.

तिथे रोज रात्री सभा भरायची. गाणी, बायबलचा थोडा भाग आणि मग माणसे उठून थोडक्यात आपली साक्ष द्यायची. फाटक्या कपड्यातला, घाणेरडा, पिऊन आलेला माणूससुद्धा आत येऊ शकत होता. जेवण मिळायचे, झोपायला जागा मिळायची. मोठमोठ्या चर्चमध्ये ज्यांना दारातून आत घेत नसत त्यांच्यासाठी ही जागा होती. आणि चालवणारा त्यांच्यातलाच होता.

१८८२ साली मॅकऑलीच्याच दुसऱ्या एका मिशनमध्ये सॅम्युएल हॅडली नावाचा दारुडा आला, सुधारला आणि १८८६ पासून वॉटर स्ट्रीटचे काम बघू लागला. या हॅडलीची कहाणी विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने धार्मिक अनुभवांवरच्या आपल्या १९०२ च्या प्रसिद्ध ग्रंथात घेतली.

इथे एक धागा आमच्या घरापर्यंत येतो. जेम्स हे अमेरिकन व्यवहारवादी तत्त्वज्ञानाचे एक जनक. त्याच परंपरेतले जॉन ड्यूई हे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये शिकत होते आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला वॉटर स्ट्रीटचे मिशन रोज रात्री चालू होते. त्यांनी ते पाहिले असे आम्ही म्हणत नाही. म्हणायचे एवढेच आहे की धर्माकडे बघण्याची रीत सारखी आहे. जेम्स विचारतात, हा अनुभव आकाशातून आला की मेंदूतून, ते नंतर बघू, आधी त्याची फळे काय ते सांगा. बाबासाहेबांनीही धर्माला हाच प्रश्न विचारला. हा धर्म माणसाला काय देतो? समता देतो का, बंधुता देतो का? ज्या धर्माने ते दिले नाही तो त्यांनी सोडला. तेव्हा ख्रिस्ती व्यसनमुक्तीच्या कामाकडेही आम्ही श्रद्धेने नको आणि द्वेषानेही नको, फळांवरून बघू.

दोन दारुड्यांची भेट

सॅम्युएल हॅडलीचा मुलगा हेन्री याने रेव्हरंड सॅम शूमेकर यांच्यासोबत १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये कॅल्व्हरी मिशन सुरू केले. शूमेकर हे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटाचे अमेरिकेतले प्रमुख. आपले दोष मोकळेपणाने कबूल करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे, दुसऱ्याच्या उपयोगी पडणे, ही त्या गटाची शिस्त.

या मिशनमध्ये राहणारा एबी थॅचर नोव्हेंबर १९३४ मध्ये आपल्या जुन्या पिणाऱ्या मित्राला, बिल विल्सनला भेटायला गेला. बिल शेअर बाजारातला माणूस, दारूने धुळीला मिळालेला. डिसेंबरमध्ये तो टाऊन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. तिथे त्याला एक जबरदस्त धार्मिक अनुभव आला. नंतर त्याने जेम्स यांचा तोच ग्रंथ वाचला. त्यानंतर त्याने दारू प्यायली नाही.

बिल सुटला आणि लगेच उपदेशाला लागला. पाच महिने तो दारुड्यांना आपला साक्षात्कार सांगत फिरला. एकही माणूस सुटला नाही. हॉस्पिटलचे डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितले, उपदेश बंद कर, आधी हा आजार आहे हे सांग.

मे १९३५ मध्ये बिल धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या ॲक्रन शहरात गेला. काम फसले. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, खिशात थोडे पैसे, मन ढासळलेले. त्याच्या लक्षात आले की दुसऱ्या दारुड्याशी बोललो तरच आपण वाचू. त्याने चर्चच्या यादीतून एका पाद्रीला फोन लावला. त्यातून हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. त्यांनी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी घालून दिली.

आता इथे थांबा. डॉ. बॉब त्याआधी दोन वर्षांहून जास्त काळ ऑक्सफर्ड ग्रुपच्या सभांना जात होते. प्रार्थना करत होते, बायबल वाचत होते, आणि पीत होते. श्रद्धा होती, समुदायही होता. चांगली माणसे त्यांच्यासाठी प्रार्थना करत होती. पण त्या सगळ्यांत आपल्यासारखा एकही नव्हता. बिल हा त्यांना भेटलेला पहिला माणूस जो 'तू सुधार' म्हणत नव्हता, 'मला वाचायला तुझी गरज आहे' म्हणत होता. मध्ये एकदा ते घसरले. १० जून १९३५ नंतर मात्र त्यांनी दारूला हात लावला नाही. तो दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे एए या संघटनेचा स्थापनादिन मानतात.

आमच्या मते या सगळ्या इतिहासाचे सार या भेटीत आहे. उपदेशकाने दारुड्याला वर ओढले असे इथे झाले नाही. दोन पडलेली माणसे एकमेकांना धरून उभी राहिली.

पुढचे काम चर्चच्या माणसांनी उचलले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हॉस्पिटले दारुड्यांना दाखल करून घेत नसत. ॲक्रनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया या नन दाखल-विभाग बघत. १९३९ मध्ये त्यांनी डॉ. बॉबच्या रुग्णाला पोटाच्या विकाराचे नाव लावून दाखल करून घेतले. पुढच्या दहाएक वर्षांत दोघांनी मिळून हजारो रुग्ण बघितले. डॉ. बॉब त्याची फी घेत नव्हते.

देव कोणाचा?

ऑक्सफर्ड ग्रुपचे संस्थापक फ्रँक बुकमन यांनी १९३६ साली एका वर्तमानपत्राच्या मुलाखतीत हिटलरबद्दल देवाचे आभार मानले होते. कम्युनिझमविरुद्ध तो उभा आहे म्हणून. वैयक्तिक पावित्र्यावर एवढे बोलणारा धर्म सत्तेपुढे कसा लोळण घेतो याचे हे उदाहरण. दारुड्यांनी १९३७ मध्ये न्यूयॉर्कला आणि १९३९ मध्ये ॲक्रनला त्या ग्रुपपासून फारकत घेतली. कारणे वेगळी होती, पण फारकत झाली हे बरे झाले.

१९३९ साली एएचे मुख्य पुस्तक लिहिले जात असताना जिम बर्वेल नावाचा नास्तिक सदस्य अडून बसला. नुसता देव चालणार नाही, म्हणाला. शेवटी 'आम्हाला जसा उमगला तसा' ही पुस्ती देव या शब्दाला जोडली गेली. एका नास्तिकाच्या हट्टाने ख्रिस्ती घरातली ही खोली सगळ्यांसाठी उघडली. १९५० साली क्लीव्हलँडच्या अधिवेशनात नियम पक्के झाले. सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. बाहेरची देणगी नाही, खर्च आपला आपण भागवायचा. कोणत्याही पक्षाचा किंवा पंथाचा झेंडा नाही. वॉशिंग्टोनियन ज्या खड्ड्यांत पडले ते खड्डे यांनी टाळले.

एक खड्डा मात्र टळला नाही. तो वर्णाचा. प्रत्येक गट स्वायत्त असल्यामुळे अनेक ठिकाणी गोऱ्या गटांनी काळ्यांना बसू दिले नाही. समतेची भाषा बोलणाऱ्या खोलीच्या दारातही रंग बघितला गेला. मग काळ्यांनी काय केले? १९४५ साली वॉशिंग्टन शहरात 'जिम एस.' या नावाने ओळखले जाणारे एक काळे डॉक्टर आणि त्यांचे साथीदार यांनी आपला गट उभा केला. पद्धत घेतली, अपमान घेतला नाही. भारतातल्या चर्चमध्ये जात कशी टिकून राहिली यावर बाबासाहेबांनी स्वतः लिहिले आहे. त्यामुळे हा भाग आम्हाला नवा वाटत नाही. उत्तरही नवे नाही. आपली जागा आपण उभी करायची.

मग नेमके काय उपयोगी पडते?

२०२० साली कॉक्रेन या संस्थेने एएवरच्या २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात १०,५६५ लोकांचा समावेश होता. एएशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार, पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. हे कशामुळे होते यावर जे संशोधन झाले आहे त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणसाची संगत बदलते. पिणारे मित्र कमी होतात, न पिणारे वाढतात, मोहाच्या प्रसंगी टिकण्याचा आत्मविश्वास येतो. अध्यात्माचा वाटा काहींच्या बाबतीत आहे, पण संगतीचा वाटा बहुतेकांच्या बाबतीत आहे.

म्हणजे प्रार्थनाघरात आमच्या त्या मित्राला काय मिळाले? त्याच्या मते ख्रिस्त मिळाला. त्याच्या श्रद्धेची टिंगल करण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्हाला हेही दिसते की त्याला रोज संध्याकाळची जागा मिळाली, नाव घेऊन विचारणारी माणसे मिळाली, पुढे चालणारा एक जुना दारुडा मिळाला आणि दुसऱ्याला सावरण्याचे काम मिळाले. हे सगळे विहारात मिळू शकत होते. मिळाले नाही, हे आमचे अपयश आहे.

आमच्याकडे काय होते आणि आम्ही काय केले

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. आम्ही ते दर वंदनेला म्हणतो. पण फादर मॅथ्यूंच्या शपथेचे जे झाले तेच आम्ही या प्रतिज्ञेचे करून ठेवले आहे. म्हणायची आणि घरी जायचे.

खरे तर बुद्धाने नुसते शील दिले नाही, संघ दिला. दर पंधरवड्याला उपोसथाला भिक्षू एकत्र जमत, नियमांचे पठण होई, ज्याचे चुकले असेल तो आपल्या बरोबरीच्यांपुढे कबूल करी. ही साक्ष आणि कबुली वॉटर स्ट्रीटच्या तेवीसशे-चोवीसशे वर्षे आधीची आहे. आनंदाने बुद्धाला म्हटले होते की कल्याणमित्र म्हणजे अर्धा मार्ग. बुद्धाने त्याला दुरुस्त केले, अर्धा नाही, पूर्ण मार्ग. थायलंडमधल्या थामक्राबोक या बौद्ध मठात १९५९ पासून व्यसनी लोकांवर उपचार होतात. तिथेही व्रत आहे, पण व्रत घेतल्यावर माणसाला एकटे सोडत नाहीत. आणि देव-धर्म बाजूला ठेवूनही हे करता येते, हे पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून दाखवले आहे.

काही मित्र आक्षेप घेतील. पहिला, हे धर्मांतराचे जाळे आहे. आमचे म्हणणे असे की काही ठिकाणी मदतीच्या बदल्यात धर्म मागितला जातो, ते चूक आहे आणि ते तोंडावर सांगितले पाहिजे. बाप्तिस्मा घेतला तर १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा जातो, बौद्धांना तो १९९० मध्ये लढून मिळाला आहे, ही माहितीही त्या तरुणाला कोणीतरी शांतपणे दिली पाहिजे. पण निर्णय त्याचा. धर्म निवडण्याचा हक्क आम्ही १९५६ ला वापरला आणि दुसऱ्याला तो नाकारायचा, हे आंबेडकरवादात बसत नाही.

दुसरा, दारू हा व्यवस्थेचा प्रश्न आहे, दारूबंदीसाठी लढा. लढूच. पण चंद्रपूर जिल्ह्यात महिलांनी लढून २०१५ मध्ये आणलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठली. कायदा येतो आणि जातो. पिणारा माणूस दोन्ही वेळी वस्तीतच असतो.

तिसरा, प्रार्थनेने आजार बरा होतो का? नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर आधी, सभा नंतर. औषधे बंद करा म्हणणारा पास्टर असो की बाबा, त्याला आमचा विरोध आहे. बिल विल्सनसुद्धा हॉस्पिटलच्या खाटेवरून उठला होता.

गेल्या सहा महिन्यांपासून आमच्या विहारात दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सतरंजी टाकली जाते. भाषण नाही, हार नाही, फोटो काढायचे नाहीत. जे पितात किंवा जे सोडू पाहतात ते बोलतात, बाकीचे ऐकतात. पहिल्या गुरुवारी तीन जण आले. आता सात-आठ येतात. दोघे घसरले, त्यांतला एक परत आला. दुसऱ्याच्या घरी आम्ही जात असतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या बायका आणि आया वेगळ्या बसतात, कारण मार त्यांनी खाल्ला आहे आणि त्यांचे बोलणे आजवर कोणी ऐकले नव्हते.

तो सेंट्रिंगवाला मित्रही येतो. गुरुवारी आमच्याकडे, रविवारी प्रार्थनाघरात. कमिटीतल्या एकाने त्याला विचारले, "तू नेमका कुठला?" तो म्हणाला, "आज न पिलेला." कमिटीने तूर्त एवढे उत्तर पुरेसे मानावे, अशी आमची विनंती आहे.

तुमच्या विहाराला कुलूप कुठल्या दिवशी असते? त्या दिवसापासून सुरुवात करा.

जय भीम! नमो बुद्धाय!